पुढे चालणारी

बस घड्याळाच्या मनोऱ्याला वळसा घालत होती आणि मकेरिताच्या टाळूला एकदम चटका बसला. कुणीतरी मागून मुठीत केस धरून हिसडा द्यावा तसा. तिनं हात डोक्याकडे नेला. अंबाडा जागच्या जागी होता, त्यात खोचलेलं फूलही. तिच्या मांडीवर एक अनोळखी शाळकरी पोर बसली होती, बस भरली की बसतात तशी. तिला वाटलं हिचं ओझं झालं, म्हणून ती अवघडून जरा पुढे सरकली. ‘बस गं, तू नाहीस,’ मकेरिता म्हणाली. समोरच्या बँकेच्या इमारतीवर काल नसलेला भलामोठा फलक होता. त्यावर एक पालागी, म्हणजे गोरी परदेशी पोरगी दात दाखवून हसत होती, निळा समुद्र, पांढरी वाळू, ‘फालेवासा किनारा: राजेशाही स्वागत, येत्या शनिवारी’, आणि पोरीच्या डोक्यावर तुइगा, मिरवणुकीतला उंच मुकुट. शिंपल्यांची पट्टी कपाळावर, वर आरसे लावलेल्या काटक्या, आणि त्यांच्याभोवती उभा राहिलेला पिवळट केसांचा झुबका. पट्टीतला डावीकडून दुसरा शिंपला तुटका होता. अपियात आजकाल कोंबड्यांच्या पिसांचे तुइगा भाड्यानं मिळतात, सौंदर्यस्पर्धेला, विमानतळावर, कुणाच्या पन्नाशीला. तसला हा नव्हता. तो शिंपला तिच्या बापाच्या हातून पडून तुटला होता. आणि ते केस तिचे होते.

बस पुढे गेली. ती मात्र दिवसभर त्या वळणावरच राहिली. रेडिओ केंद्राच्या पायऱ्या चढताना, मृत्यूच्या बातम्या वाचताना, कुणाच्या अंत्यविधीला कुठल्या गावानं कधी यायचं ते सांगताना तिची टाळू चुरचुरत होती. आपल्या अंगाचा एक तुकडा भिंतीवर टांगला आहे, त्याच्याखालून अख्खं शहर पाव आणि डबाबंद बीफ घेऊन घरी चाललं आहे, आणि कुणाला काही वाटत नाही, या विचारानं तिला कुणालाही, अगदी समोर दिसेल त्याला, थोबाडीत द्यावीशी वाटत होती. समोर आला तो फेरेती, केंद्राचा प्रमुख. पोट सुटलेला, गोड बोलणारा, आणि गोड बोलायला लागला की समजावं याला काहीतरी फुकटात करून हवं आहे.

‘मके, तुझ्याच गावचं काम आणलंय.’

‘फलक बघितला मी.’

‘मग अर्धं काम झालंच! हॉटेलवाल्यांना आपला आवाज पाहिजे. तुझा. फालेवासा त्यांच्यासाठी ताआलोलो काढणार, सगळं गाव चालत येणार, डुकरं, तारोचे कंद, चटया. पाहुण्यांना आधी दोन मिनिटं सांगायचं, ताआलोलो म्हणजे काय, शब्द आला कुठनं, अर्थ काय, असं गोड गोड. आणि मग भेटी आल्या की हॉटेलच्या बाजूनं तू पुकारायच्या.’

‘पुकारायला पुरुष असतो.’

‘त्यांना कुठं माहीत? त्यांनी विचारलं, रेडिओवरची ती दमदार बाई मिळेल का.’ फेरेती हसला. ‘दमदार म्हणाले, बरं का. मी आपलं फक्त सांगितलं.’

‘आणि पुढे चालणार कोण?’

‘मालकाची मुलगी. चांगली आहे गं पोरगी, उगाच नाक उडवू नकोस. तुझ्या काकांनीच परवानगी दिलीय. नंतर तो तुइगा म्हणे हॉटेलच्या दाराशी काचेच्या पेटीत ठेवणार. चोवीस तास दिवा लावून.’

‘करते,’ मकेरिता म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की फेरेतीचं पुढचं गोड बोलणं तोंडातच राहिलं. काचेची पेटी ऐकल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि अशा वेळी ती नेहमी हो म्हणायची. नाही म्हणायला डोकं थंड लागतं.

शब्द आला कुठनं. रात्रीच्या जेवणानंतर भांडी तशीच ठेवून ती भाड्याच्या घराच्या ओट्यावर बसली आणि दोन मिनिटांचं काहीतरी जुळवू लागली, तर आधी बापाचा आवाज आला. बापाला मताईपद, म्हणजे घराण्याचं प्रमुखपद, कधी मिळालं नाही. ते थोरल्या भावाकडे, मालोतासीकडे गेलं. बापाकडे शब्द आले. संध्याकाळी पाय पसरून बसायचा आणि एकेक शब्द सोलायचा, दुसरे बाप तारो सोलतात तसा. ‘ताआ म्हणजे मोकाट. लोलो म्हणजे पूर. सुटलेला पूर. नदीला पूर आला की ती विचारते का, काय आणू आणि काय नको? लाकूड आणते, डुक्कर आणते, कुणाचं पोर आणते. गाव तसं यायला पाहिजे पाहुण्यापुढे, काही हातचं न राखता.’ काकू, म्हणजे मालोतासीची बायको, तोंड वाकडं करायची. तिच्या मते हा लढाईचा शब्द. जिंकलेल्यांच्या पायाशी हरलेलं गाव अन्न घेऊन जाई, त्याची आठवण. चर्चमधले पाद्रीबुवा त्यांच्या जाड कोशात बघून सांगायचे, पाहुण्यांस अन्नाची मोठी भेट, बस्स, त्यात पूर नाही नि लढाई नाही. पालागी लोक ‘मिरवणूक’ म्हणतात. कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटत होतं. एकदाच बाप वेगळं काही बोलला होता, हसत हसत: ‘मके, ती पुढे एकटी नाचत का चालते माहीत आहे? सगळ्यांनी तिच्याकडे बघावं म्हणून. म्हणजे मागं ओझं कोण वाहतंय ते कुणाला दिसत नाही.’ तिला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. आता ओट्यावर बसून तिला बापाचाही राग आला. इतकं कळत होतं तर हसत काय होतास?

बिशप यायचे होते त्या वर्षी ती तेरा वर्षांची होती आणि तिचे केस कमरेखाली गेले होते. आईनं रोज खोबरेल चोळून वाढवलेले. आईचे स्वतःचे मानेवर कापलेले असत, गावातल्या एकाही बाईचे नसत तसे. कुणी विचारलं तर म्हणायची, चुलीपाशी उकडतं. त्या दिवशी आईनं तिला स्वयंपाकाच्या खोपटामागे बोलावलं आणि दगडावर बसायला सांगितलं. महिला मंडळाची कापड कापायची मोठी कात्री तिच्या हातात होती. काकू समोर उभी होती, दोन्ही हातांवर स्वच्छ कापड पसरून, चर्चमध्ये प्रसाद घेतात तशी. मकेरिताला वाटलं उवा झाल्या. ‘डोळे मीट,’ आई म्हणाली. मग मानेवर थंड लोखंड आणि करकर असा आवाज, तो कानानं नाही तर हाडातून ऐकू आला. एकदाही आईचा हात थरथरला नाही. थरथरला असता तर मकेरिता कदाचित कधीतरी माफ करू शकली असती. काकूनं कापडाची घडी घातली आणि वजन बघितल्यासारखी हातावर उचलून म्हणाली, ‘पुरेल.’ चुलतबहीण लूपे पुढे चालणार होती, मताईची मुलगी म्हणून. तुइगाचे जुने केस बरेच झडले होते.

केस चुन्यात भिजवून किनाऱ्यावरच्या खडकावर चटईवर वाळत घातले. काळ्याचे तपकिरी झाले, तपकिरीचे लाल, मग सुक्या नारळाच्या शेंड्यांसारखे पिवळे. मकेरिता शाळेतून आली की तिथे जाऊन बसायची आणि कोंबड्या हाकलायची. कुणी सांगितलं नव्हतं. ते तिचेच असून रोज थोडे थोडे परके होत होते, आणि तिला ते बघत बसावंसं वाटे, आजाऱ्याजवळ बसावं तसं. आई एकदा येऊन उभी राहिली. ‘केस परत येतात,’ म्हणाली. मकेरितानं उत्तर दिलं नाही. खरं म्हणजे त्यानंतर कशालाच धड उत्तर दिलं नाही. शाळा संपताच ती अपियाला आली. आवाज होता, रेडिओवर लागली. आईला दर महिन्याला साखर, साबण, कोको पोचत राहिला. बोलणं म्हणजे हवापाणी. आणि बिशप आले त्या दिवशी? त्या दिवशी ती शेवटच्या रांगेत होती, डोक्याला फडकं, हातात तारोची टोपली. पुढे दूरवर, गर्दीच्या डोक्यांवरून, तिला फक्त एक पिवळा झुबका दिसत होता, उन्हात वर उडणारा, खाली येणारा. लोक ओरडत होते, काय शोभतेय, काय शोभतेय! काकू वेड्यासारखी लोळत पुढे जात होती, लूपेनं आपल्या पाठीवर पाय देऊन चालावं म्हणून. आणि मकेरिताच्या घशाशी अभिमान आला होता. हीच खरी लाज. तेव्हा तिला वाटलं होतं, बघा, माझे आहेत ते. टोपलीची कडी बोटांत रुतत होती आणि ती हसत होती.

लूपे आता ऑकलंडमध्ये मासे डबाबंद करायच्या कारखान्यात आहे. मकेरितानं तिला फोन लावला, कुणाशी तरी बोलायचंच होतं. ‘तो? अगं बाई, तो अजून आहे?’ लूपे खदखदून हसली. ‘इतका आवळून बांधला होता की मी बिशपांच्या पाया पडून मागं जाऊन ओकले. आठवडाभर डोकं ठणकत होतं. देऊन टाक म्हणावं त्या पोरीला. तिचं डोकं दुखू दे.’ मग, ‘तुला अजून राग आहे होय, मके? केसांचा?’ मकेरितानं ‘छे’ म्हटलं आणि फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही असं, ओरडली.

शुक्रवारी ती गावी गेली. काकाचं घर म्हणजे खांबांवरचं छप्पर, भिंती नाहीत, रस्त्यानं जाणाऱ्याला आतलं सगळं दिसतं; नव्यानं आला होता तो फ्रिज, मधोमध, देव्हाऱ्यासारखा. मालोतासी आता पंच्याहत्तरीचा, पाय सुजलेले, पण बसणं अजून तेच, जणू छप्पर त्यानंच धरून ठेवलं आहे.

‘काचेत ठेवणार म्हणे,’ ती म्हणाली.

‘आपलाच राहील. त्यांच्याकडे फक्त ठेवायला. इथं उंदीर खातात, तिथं एसी आहे.’

‘मोठे काका, ते माझे केस आहेत.’

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती काहीतरी अश्लील बोलली आहे. ‘केस घराण्याचे असतात.’

‘मग घराण्यानं स्वतःच्या डोक्याचे कापायचे होते.’

‘जीभ शहरात धार लावून आणलीस काय?’ काका म्हणाला, आणि मागून काकूचा थकलेला आवाज आला, ‘तुला दुखलं नव्हतं तेव्हा. मी होते ना तिथं.’ या लोकांना मिरवायचंही असतं आणि मिरवणुकीत कुणाचं काय गेलं ते विसरायचंही असतं. आणि तिला हॉटेलवाल्यांचा जेवढा राग होता त्याच्या दुप्पट यांचा आला. हॉटेलवाले निदान परके होते. आणि तरी काचेच्या त्या पेटीचा विचार आला की तिला काकाच्या माळ्यावरचे उंदीरही बरे वाटत. उंदरांना केस माहीत असतात. पेटीत ते फक्त दिसत राहतील, दर येणाऱ्या-जाणाऱ्याला, तिच्या मरणानंतरही, खाली पितळी पाटीवर लिहिलेलं असेल: पारंपरिक.

आई खोपटात होती, गुडघ्याशी तारोचा ढीग. उद्याच्या भेटीसाठी सगळ्या घरांतल्या सुनांना सोलायला बसवलं होतं. आई सत्तरीत पोचली, नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या गावात ती सूनच. लग्न होऊन आलेल्या बाईनं मागं बसायचं, ते तिचं सुटलं नव्हतं. केस पांढरे, मानेवर कापलेले. ‘जेवलीस?’ आई म्हणाली. ‘जेवले.’ ‘पाऊस येईलसं वाटतं.’ ‘हं.’ आईच्या बोटांना तारोची खाज सुटली होती, ती मधूनमधून लिंबू चोळत होती. मकेरिता पाच मिनिटं बसली आणि उठली. तिला वाटलं होतं आई काहीतरी म्हणेल.

शनिवारी हॉटेलच्या हिरवळीवर पांढरे मांडव होते आणि खुर्च्यांनासुद्धा कपडे घातले होते. मंत्री आले होते, कॅमेरे आले होते. मकेरिताला हॉटेलच्या बाजूला, मालकाच्या शेजारी उभं केलं, हातात ध्वनिक्षेपक. मालक ग्रेग उन्हानं लाल झालेला, पोटावर फुलाफुलांचा सदरा, सारखा ‘अप्रतिम, अप्रतिम’ म्हणत होता. गाव अजून वळणापलीकडे जमत होतं. तेवढ्यात मांडवामागून ती पोरगी आली, डॅनिएल, अंगाला तेल, कमरेला चटई, डोक्यावर तुइगा बांधलेला. मान ताठ ठेवून, डोळ्यांत पाणी. जवळून पाहिल्यावर ती फलकावरच्यापेक्षा लहान दिसत होती.

‘एक विचारू?’ ती हळूच म्हणाली. ‘हे खरे केस आहेत ना? कुणाचे आहेत?’

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. ना बिशपांनी, ना लूपेनं, ना बापानं. विचारलं ते या पोरीनं, जिच्यावर मकेरिता चार दिवस दातओठ खात होती. तिला त्याचाही राग आला; रागावायला जागाच ठेवत नाहीत लोक.

‘माझे,’ ती म्हणाली.

पोरीचा चेहरा पडला. ‘म्हणजे... तुम्ही दिलेत?’

‘नाही.’

पुढे बोलायला वेळ नव्हता. शिंगाचा आवाज झाला, फेरेतीनं लांबून हात हलवला, सुरू कर. मकेरितानं ध्वनिक्षेपक तोंडाशी धरला. खिशात दोन मिनिटांचा गोड मजकूर होता, पुराचा, लढाईचा, पाद्रीबुवांच्या कोशाचा. तिनं तो काढलाच नाही. ‘ताआलोलो म्हणजे पूर, असं माझे वडील म्हणायचे. दुसरे दुसरं म्हणतात. पुढे जी चालते तिच्याकडे सगळे बघतात. आज मागे बघा,’ ती म्हणाली आणि थांबली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ते पुढेच बघत होते.

गाव आलं. आलं म्हणजे खरंच आलं. हॉटेलसाठी असलं तरी ढोलाचा ठेका तोच होता, आणि मकेरिताला तोच अभिमान वाटला, जो तेराव्या वर्षी वाटला होता. तिला स्वतःची चीड आली. डॅनिएल हात हलवत, चुकत, पुन्हा लावून घेत पुढे येत होती. पिवळा झुबका उन्हात वर उडत होता. मागे भाजलेली डुकरं, तारो, चटया, आणि अगदी शेवटी बायका, टोपल्यांखाली वाकलेल्या. आई त्यांत नव्हती. आई खोपटात भांडी घासत असणार. हॉटेलच्या पायऱ्यांपाशी सगळ्याची रास पडली.

आता गावाच्या बोलक्यानं बोलायचं. म्हातारा सिओ, गावाचा वक्ता, काठी टेकून पुढे झाला, एका खांद्यावर चवरी. ज्या मताईकडे बोलायला वक्ता असतो तो स्वतः तोंड उघडत नाही, त्यातच त्याचा मोठेपणा. पण कॅमेरे होते, मंत्री होते. मालोतासी सुजल्या पायांनी उठला, सिओच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं आणि स्वतः उभा राहिला. गर्दीतून एक हलकी ‘अं?’ उमटली. सिओसारखा मुरलेला माणूस देताना शब्दांना कुंपण घालतो. काय देतोय आणि काय फक्त दाखवायला आणलंय, हे तो अशा खुबीनं सांगतो की घेणाऱ्याला रागही येत नाही. मालोतासीला त्याची सवय नव्हती. त्याला आपला आवाज आवडला. ‘फालेवासानं आज हातचं काही राखलेलं नाही!’ तो गरजला. ‘डुकराच्या खुरापासून तुइगाच्या शेंड्यापर्यंत, जे जे चालत तुमच्यापुढे आलं, ते ते तुमचं!’

सिओनं डोळे मिटले. मकेरितानं ते पाहिलं आणि तिचा राग, जो चार दिवस नुसता भडकत होता, एकदम थंड आणि टोकदार झाला.

ती पुकारू लागली. घेणाऱ्यांच्या बाजूनं पुकारलं की ते मिळालं. मग ते माघारी जात नाही, मताई म्हणो की मंत्री. ‘मोठी डुकरं, दहा! तारोच्या टोपल्या, मोजू नका, भरपूर! बारीक विणीच्या चटया! आणि,’ तिनं श्वास घेतला, ‘मालोतासींच्या तोंडच्या शब्दानं, एक तुइगा!’

काकाचं तोंड उघडंच राहिलं. ग्रेग आनंदानं हसत होता. त्याला वाटलं कार्यक्रम रंगात आला.

‘साहेब,’ ध्वनिक्षेपक बंद न करता ती त्याच्याकडे वळली, ‘इथली रीत आहे. पुकारणाऱ्याला मिळालेल्यातलं एक द्यायचं. नाही दिलं तर आलेल्यांचा अपमान.’

‘अरे, अवश्य! काय देऊ, डुक्कर?’ पाहुणे हसले.

‘तुइगा.’

ग्रेगचं हसू जरासं लटकलं. त्याला बहुधा काचेची पेटी आठवली. ‘म्हणजे, तो तर आपण...’ पण डॅनिएलचे हात आधीच डोक्यामागे गेले होते. ती गाठी सोडत होती, घाईघाईनं, नखं मोडत. कपाळावर लाल रेघ उमटली होती. तिनं तुइगा दोन्ही हातांवर घेतला, चार पावलं आली आणि मकेरिताच्या हातात ठेवला. गावाच्या बाजूनं कुणीतरी म्हातारी ओरडली, ‘शाब्बास!’ आणि मग बरेच जण ओरडले.

‘मकेरिता!’ काका.

‘शब्द तुमचा, मोठे काका. मी फक्त पुकारला.’

आणि ती हिरवळीवरून सरळ चालत निघाली. फेरेती मागून काहीतरी गोड ओरडत होता.

आईच्या घरी उन्हं कलली होती. मकेरितानं तुइगा चटईवर ठेवला, कोपऱ्यातली कात्री घेतली आणि गाठी कापायला बसली. काय करणार होती पुढे, तिला माहीत नव्हतं. समुद्रात टाकीन, जाळीन, उशाशी ठेवीन. केस हाताला खरखरीत लागत होते आणि वास चुन्याचा, परक्या घामाचा, हॉटेलच्या अत्तराचा येत होता. तिचं म्हणून त्यात काहीच उरलं नव्हतं. वरचा थर सुटला. खाली दुसरा थर होता, आखूड, कुरळा, निळ्या मासेमारीच्या दोऱ्यानं बांधलेला. गाठीखाली चुना पोचला नव्हता तिथे अजून काळा होता. तिचे केस कुरळे नव्हते. काकाच्या घरात कुणाचेच नव्हते.

‘हळू,’ आई दारातून म्हणाली. हातात ओलं फडकं. ‘तो गठ्ठा माझा आहे.’

मकेरितानं कात्री थांबवली.

‘लग्न होऊन आले त्या वर्षी. राज्यपाल की कोण येणार होता. गवताचा दोरा संपला म्हणून तुझ्या बापाच्या गळाचा दोरा लावला. मीच बांधला.’

‘तू कधी बोलली नाहीस.’

‘कुणाशी बोलू? तुझ्या बापाला माहीत होतं. तो शब्दांचे अर्थ सांगत बसायचा.’ आई खाली बसली. ‘परत वाढवले की परत मागतील, म्हणून मी वाढवलेच नाहीत. तुझे वाढवले. वाटलं, तू या घरची मुलगी, सून नव्हेस. तुला हात लावणार नाहीत.’

‘मग तू कापलेस का? तू! तुझा हातसुद्धा...’

‘मी नाही म्हटलं असतं तर तुझ्या काकूनं कापले असते. माझे तिनंच कापले होते. ओढून ओढून. रक्त आलं होतं.’ आईनं फडकं पिळलं, पाणी जमिनीवर पडलं. ‘हात हलू दिला नाही मी. तुला लागलं असतं.’

मकेरिताच्या हातातली कात्री उघडीच राहिली. इतकी वर्षं जपलेला, खाऊपिऊ घालून वाढवलेला राग, त्याला एकाएकी उभं राहायला जागा उरली नाही, आणि तरी तो गेला नाही. तिथेच, त्या घरात, कितीतरी आधीपासून दुसरा एक बसून होता, तारो सोलत, हवापाण्याच्या गोष्टी करत, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात शंख वाजला. संध्याकाळच्या प्रार्थनेचा. गावातली तरणी पोरं रस्त्याच्या कडेला ठरल्या जागी बसली. आता प्रार्थना संपेपर्यंत रस्त्यावर कुणी पाऊल टाकायचं नाही. घराघरांतून स्तोत्रं सुरू झाली.

आई उठली. ‘बांध,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘माझ्या डोक्यावर बांध. तू सोडलंस ते परत लाव, नीट, आणि बांध.’

‘आई, शंख वाजलाय.’

‘मला कान आहेत.’

मकेरितानं थर परत बसवला आणि तुइगा बांधला. आखूड पांढऱ्या केसांवर तो उंच उभा राहिला, तुटक्या शिंपल्यासकट. आईनं मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून पाहिली. ‘ती टोपली उचल,’ ती म्हणाली. ‘मागून चाल. फार जवळ नको.’

आई रस्त्यावर उतरली. नाचली नाही. हात किंचित बाजूला धरून, पाय टेकवत टेकवत, रस्त्याच्या मधोमध चालली. कडेला बसलेली पोरं अर्धवट उठली आणि कुणाला अडवायचं ते न कळून तशीच राहिली. भिंती नसलेल्या घरांत माणसं मांडी घालून बसली होती, तोंडं रस्त्याकडे. एका घरातलं स्तोत्र थांबलं, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. मकेरिताच्या बोटांत टोपलीची कडी रुतत होती. पुढे पिवळा झुबका उन्हाच्या शेवटच्या तिरिपीत हलत होता, आणि या वेळी त्याच्याखाली कोण चालतं आहे हे सगळ्या गावाला दिसत होतं.

मालोतासीच्या घरासमोर आई थांबली आणि वळली. आत काका स्तोत्रांचं पुस्तक हातात धरून बसला होता, शेजारी काकू. काकूनं मान खाली घातली. आई नुसती उभी राहिली, बघून घ्या म्हणून. मकेरितानं टोपली खाली ठेवली, छातीत हवा भरली आणि सगळ्या रेडिओ-आयुष्यात कधी ओरडली नव्हती इतक्या मोठ्यानं पुकारलं:

‘एक तुइगा! खालचे केस तेलेसियाचे! वरचे तिच्या लेकीचे!’

लांब हॉटेलकडे संगीत चालू होतं.

‘चल आता,’ आई म्हणाली. ‘मान दुखायला लागली.’